तात्यांचे खारे लाभधारक

पाणी सोडायचं दार ज्याच्या हातात असतं, त्याला आमच्या बारामती-इंदापूरकडे देवाच्या खालोखाल मान असतो. खरं तर वरच असतो, कारण देवापुढं वर्षातून एकदा नारळ फुटतो आणि कालव्याच्या निरीक्षकाला आवर्तन, म्हणजे पाण्याची पाळी, जवळ आलं की रोज चहा मिळतो. शंकरतात्यांनी हा चहा अख्खी नोकरी प्यायला. निवृत्तीच्या दिवशी त्यांना शाल, श्रीफळ आणि मासे सोडलेली काचेची एक मोठी पेटी मिळाली. गळ्यात पडून दोन-तीन बागाइतदार रडलेसुद्धा. दुसऱ्या दिवशी नव्या निरीक्षकाचा चहा सुरू झाला. तात्या कालव्याच्या कडेनं फिरायला निघाले की तीच माणसं आता मोटारसायकलचा वेग वाढवायची.

मी त्यांना ओळखायला लागलो तो हा चहा बंद झाल्यावर. आता तात्या नाहीत, तेव्हा त्यांच्याविषयी चार शब्द चांगले बोलायला हरकत नाही. माझ्या हातून ते कितपत होईल, ही शंका आहे.

एमआयडीसीतल्या एका दुधाच्या कारखान्यात मी प्रयोगशाळेत होतो आणि पिंपळीत तात्यांच्या घराची पुढची खोली भाड्यानं घेतली होती. खोली बघायला गेलो तेव्हा लग्न झालंय का, गाव कुठलं, पगार किती, असलं काही त्यांनी विचारलं नाही.

"पाणी किती लागतं तुमाला?" हा पहिला प्रश्न.

"दोन बादल्या," मी म्हटलं.

"बघू," तात्या म्हणाले.

हा "बघू" त्यांनी नोकरीतून घरी आणलेला एकमेव ऐवज होता. "व्हय म्हटलं की माणूस निघून जातो, न्हाय म्हटलं की भांडतो," ते मला पुढं एकदा समजावून सांगत होते, "बघू म्हटलं की च्या सांगतो." हे शहाणपण घरात मात्र चालायचं नाही. त्यांच्या पत्नीला, म्हणजे आक्कांना, गॅस संपलाय म्हणून सांगितल्यावर "बघू" असं उत्तर मिळालं की त्या सरळ चूल पेटवायच्या आणि धूर तात्यांच्या बाजूला जाईल अशी बसायच्या.

घरामागं त्यांचं रान होतं. पहिल्याच सकाळी मी मागच्या दारात दात घासत उभा राहिलो आणि बघतो तर सगळं रान पांढरं.

"तात्या, रानात चुना कुणी टाकला हो?"

तात्यांनी पेपर जरा वर धरला, एवढंच. उत्तर आक्कांनी स्वयंपाकघरातून दिलं. "चुना न्हाय वो, पाण्यानं फुटलेलं मीठ हाय ते! कालवा ह्यांच्या हातात व्हता ना. दर पाळीला पयलं पाणी आपल्या उसाला. ऊस नगं नगं म्हणत व्हता तरी पाणी. खालनं मीठ वर आलं आन् बसलं उरावर. माझ्या बापाच्या रानात पाणी कवा पोचलं न्हाय, आन् ह्यांच्या रानातनं निघंना!"

आक्कांचं माहेर इंदापूर तालुक्यात, कालव्याच्या अगदी शेवटच्या टोकाला. त्या टोकाला सगळे टेल म्हणतात. टेलच्या गावाला पाणी मिळतं ते बहुतेक कागदावर. अशा गावची मुलगी कालव्यावरच्या माणसाला दिली, ती पाण्याच्या आशेनं. पाणी आलं नाही, जावई तेवढा दिवाळीला येत राहिला. आक्का हे सगळं हसत सांगायच्या, पण तेव्हा त्यांच्याकडं बघायची हिंमत होत नसे.

आणखी एक गंमत होती. ते रान आक्कांच्या नावावर होतं. सरकारी नोकरानं जमीन बायकोच्या नावावर घ्यावी, असा सल्ला तात्यांना कुणा शहाण्यानं दिला होता. सल्ला देणारा सुटला, तात्या अडकले.

तर निरोपाच्या पेटीतल्या माशांना पिल्लं झाली आणि ती मरायला लागली. बारामतीतल्या दुकानदारानं तात्यांना तपकिरी पूड भरलेली एक बाटली दिली. ही अंडी आहेत म्हणाला, खाऱ्या पाण्यात टाका, खालून हवेचे बुडबुडे सोडा, वर दिवा लावा, उद्या पिल्लांना जिवंत खाणं तयार. तात्यांची खात्री झाली की आपण फसलो. आयुष्यभर दुसऱ्यांना "बघू" म्हटलेल्या माणसाला दुसऱ्या कुणाचा शब्द खरा वाटत नाही. तरीही त्यांनी सांगितलं तसं केलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझं दार वाजलं.

"लॅबवाले, उठा. ही काल तपकीर व्हती. आज बगा."

बाटलीत नारिंगी रंगाचे बारीक ठिपके होते आणि ते हलत होते. तात्यांनी खिडकी लावून घेतली, बाटलीच्या एका कोपऱ्याशी टॉर्च धरला. सगळे ठिपके त्या कोपऱ्यात येऊन दाटले. टॉर्च दुसरीकडं नेला, ठिपके तिकडं निघाले. त्या माणसाच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते मी आधी पाहिलं नव्हतं. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच त्यांच्या हाताच्या हालचालीवर कुणीतरी धावपळ करत होतं.

"लाभधारक हायत," ते हळूच म्हणाले. कालव्याचं पाणी ज्यांना मिळतं त्या शेतकऱ्यांना सरकारी कागदात लाभधारक म्हणतात. त्या दिवसापासून खाऱ्या पाण्यातल्या त्या कोळंबीच्या गरीब नातेवाइकांना आमच्या घरात हेच नाव पडलं.

माशांचं काय झालं, तर ते उपाशी राहिले. लाभधारक माशांना खायला घालायचे म्हणजे काय, तात्यांना ते पटेना. शेवटी आक्कांनी मासे पेटीसकट शेजारच्या शाळेला देऊन टाकले. खाद्य घरात राहिलं आणि खाणारे घराबाहेर गेले, असा हा छंद सुरू झाला.

मग तात्यांनी फोनवर वाचायला सुरुवात केली. रोज संध्याकाळी ओट्यावर मला आणि आक्कांना व्याख्यान. सुकलेलं अंडं वर्षानुवर्षं तसंच पडून राहतं, मरत नाही, पाणी लागलं की जागं होतं. "आमच्या हापिसातल्या फायली आन् ही, येकाच जातीची," तात्या म्हणाले. "वलं केल्याबिगर हालत न्हाईत." दोन-तीन आठवड्यांत हा प्राणी नखाएवढा होतो, अकरा जोड्या पाय असतात, आणि पोहताना तो कायम उताणा पोहतो, पाय वर करून.

"जलमभर उताणं पडायचं आन् पाय हालवायचं," आक्का तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या. "ह्याच्यासाटी फोन कशाला वाचाय लागतो? हे तुमाला आधीच येत व्हतं की."

नर मादीला धरतो आणि दोघं तसेच कितीतरी वेळ पोहत राहतात. हेही तात्यांनी आक्कांना बाटलीत दाखवलं. "बघ, कसा धरून हाय. सोडत न्हाय."

"त्याला रानात काम नसंल," आक्का म्हणाल्या आणि धुणं घेऊन गेल्या.

हे सगळं इथवर ठीक होतं. निवृत्त माणसाला काहीतरी नाद लागतोच. कुणी भजनाला जातो, कुणी सोसायटीच्या निवडणुकीला उभा राहतो. पण तात्या मुळात शेतकऱ्याच्या घरचे, आणि शेतकऱ्याला पुडीतलं बी डाचतं. परदेशातल्या कुठल्या तळ्याचं बी आपण बारामतीतून आणायचं, संपलं की परत आणायचं, याला काही अर्थ नाही, असं त्यांनी एक दिवस जाहीर केलं. "घरचं बी पायजे. माझ्या रानातल्या पाण्यात वाढलेल्या लाभधारकांचं बी." ज्या रानाला सगळं गाव हसत होतं, त्या रानात मीठ होतं आणि या प्राण्याला मीठच लागत होतं. उसाला नको असलेलं त्यांनी दुसऱ्या कुणाला तरी चालवायला घेतलं. तात्या बोलून दाखवत नसत, पण रान आपल्या हातानं वाया गेलं हे त्यांना कळत होतं. त्यातून एकदा काहीतरी पिकवून दाखवायचं होतं, आणि ते गावाला नाही, आक्कांना.

रानाच्या कडेला त्यांनी सिमेंटचा गुडघाभर हौद बांधून घेतला. विहिरीचं मचूळ पाणी भरलं. सकाळी सकाळी खराटा घेऊन रानावरचा पांढरा थर झाडायचा, फडक्यातून गाळून हौदात विरघळवायचा. पैपाहुण्याला अभिमानानं सांगायचे की हे सगळं रानाचं मीठ आहे. बाजारातल्या जाड्या मिठाच्या रिकाम्या गोण्या मी गोठ्यामागं पाहिल्या, तेव्हा म्हणाले, "ते इरजणापुरतं."

हौदात लाभधारक वाढायला लागल्यावर बघायला माणसं आली. आमच्या भागात कुठलीही नवी गोष्ट दिसली की प्रश्न ठरलेले असतात. एकरी किती? उसापेक्षा परवडतं का? खायला कशी लागती, रश्शात टाकायची का सुक्की? तात्या म्हणायचे की ही खायची नाही, मग माणसांचे चेहरे पडायचे. जी खायची नाही, विकायची नाही, कारखान्याला घालायची नाही, ती वस्तू माणूस सांभाळतो कशाला? तरीसुद्धा आठवड्याभरात संस्था काढायची बोलणी सुरू झाली. हौदातले लाभधारक अजून तांदळाच्या कणीएवढे होते आणि चेअरमनपदाला तीन इच्छुक तयार होते.

त्यातूनच ते जलपूजन ठरलं. शेजारच्या गावच्या दूध संस्थेचे चेअरमन स्वतःहून यायला तयार झाले. कुठंही पाणी अडवलेलं दिसलं की त्याची पूजा करायची या गृहस्थांना हौस. मला बातमी कळली तेव्हा मी तात्यांना म्हटलं, "त्यांना हौदात काही टाकू देऊ नका."

"बघू," तात्या म्हणाले.

चेअरमन आले. सोबत फेटे, फोटोवाला, परडीत खण-नारळ, हळदीकुंकवाची दोन मोठी पाकिटं आणि कालव्याच्या गोड्या पाण्यानं भरलेली कळशी. त्यांनी आधी भाषण केलं. ही कोळंबी साता समुद्रापार जाईल, असं म्हणाले. ती तिथूनच आली आहे हे त्यांना सांगणार कोण? मग हळद हौदात गेली. कुंकू गेलं. नारळ फोडून पाणी गेलं, झेंडूची फुलं गेली, कळशी उपडी झाली. चेअरमनचं मन भरेना, म्हणून उरलेलं कुंकूही गेलं. तात्या हात जोडून उभे होते. मोठा माणूस पाण्याजवळ आला की हात जोडायचे, ही सवय तीस वर्षांची. तिनं त्यांचे हात सोडले नाहीत. त्यांची नजर मात्र हौदात होती, आणि हौदातलं पाणी पिवळं-तांबडं होत चाललं होतं.

संध्याकाळपर्यंत सगळे लाभधारक तळाला गेले. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला, त्यात तात्या कडेला अर्धे दिसत होते.

आक्का त्या दिवशी काही टोचून बोलल्या नाहीत. हौद उपसायला त्याही खाली उतरल्या. पण रात्रीच्या जेवणात त्यांनी मुद्दा काढला. हायवेकडचे एक गृहस्थ ते रान मागत होते, मंगल कार्यालय बांधायला. रान उघडं, पांढरं, सपाट. त्यांना पिकाशी काय देणंघेणं?

"मी आता थकले," आक्का म्हणाल्या. "सकाळी उठलं की ते पांढरं दिसतं. मला बघवत न्हाय. तुमी येक डाव आणिक टाका. मिरगापतुर तुमच्या किड्यांनी बी दिलं तर रान ऱ्हाऊ द्या. न्हाय दिलं, तर मी सही करणार."

तात्या "बघू" म्हणाले नाहीत. "बरं," म्हणाले.

नवी बाटली आली. हौद पुन्हा भरला. लाभधारक वाढले, पहिल्यापेक्षा जोमानं वाढले, कारण तात्यांनी त्यांची अशी काही बडदास्त ठेवली की जावयाची ठेवणार नाही कुणी. यीस्ट भिजवून, गाळून, थेंबाथेंबानं. गुरांच्या हाळातलं हिरवं पाणी तांब्यानं मोजून. आणि पाणी! उन्हानं हौद दोन बोटं आटला की तात्या बादली घेऊन हजर. रोज संध्याकाळी आवर्तन. माद्यांच्या पोटाखाली पिशव्या दिसायला लागल्या, तात्या नाचायचे बाकी राहिले. मग एक दिवस हौदात बारीक नारिंगी पिल्लं फिरताना दिसली.

"पोरं दिली," ते ओट्यावर येऊन बसले. "बी न्हाय दिलं. थेट पोरंच दिली."

असं का होतं, ते त्यांनीच आम्हांला वाचून दाखवलं होतं. पाणी भरपूर असलं, खाणं असलं, सगळं सुखात असलं की हा प्राणी सरळ जिवंत पिल्लं देतो. पाणी आटायला लागलं, मीठ वाढलं, आता काही खरं नाही असं त्याला वाटलं, की मग तो टणक कवचाची अंडी टाकतो, पुढच्या कुठल्यातरी पावसासाठी. म्हणजे बी हवं असेल तर हाल करायला हवेत. हे तात्यांना पाठ होतं. तोंडपाठ म्हणून दाखवायचे आणि म्हणता म्हणता बादली उचलायचे. कळतं पण वळत नाही, हे वाक्य मी लहानपणापासून ऐकलं होतं, पण त्याला धोतर आणि खाकी शर्ट असतो हे मला पिंपळीत कळलं.

"तात्या, आज पाणी नका घालू," मी सांगायचो.

"दोन बोटं कमी झालंय वो. तळमळत्यात."

"तळमळू देत. तुम्हीच म्हणाला होता."

"उंद्यापासनं न्हाय घालत." आणि बादली रिकामी.

चैत्र असा गेला. रान पांढरं, हौद तुडुंब, लाभधारक सुखी, बी नाही. मंगल कार्यालयवाले गृहस्थ एकदा येऊन नुसतेच चहा पिऊन गेले. जाताना पावलांनी ते रान मोजत होते, हे तात्यांनीही पाहिलं.

वैशाखात आक्कांच्या भाच्याचं लग्न निघालं. दोन दिवसांसाठी जायचं म्हणून तात्या निघाले. मला हौदाच्या सूचना एवढ्या दिल्या की रजेवर जाणाऱ्या कलेक्टरनं दिल्या नसत्या. रिक्षात बसता बसता आक्का मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "ह्यांचं काय ऐकू नका. हौदाला हात लावायचा न्हाय."

"पण आक्का, बी आलं तर रान विकता येणार नाही तुम्हांला."

त्यांनी हातातली पिशवी सावरली. "येकदा खरं काय ते होऊ द्या. नुसतं सुखात ठिवून न बी येतंय, न रान सुटतंय. आमच्याकडं डाळिंबाला पाणी तोडून ताण देत्यात, तसा द्यायचा." आणि जाऊन बसल्या.

दोन दिवसांचे चार झाले, चाराचे तीन-चार आठवडे झाले. लग्नानंतर पूजा निघाली, पूजेनंतर भावजयीचं अंग दुखायला लागलं, ते थांबलं तेव्हा लोणच्याच्या कैऱ्या आल्या. आक्कांची कारणं संपत नव्हती. तात्यांचा फोन रोज यायचा.

"लेव्हल किती हाय?"

"चांगली चार बोटं उतरलीय."

"दोन घागरी घाला. दोनच. मी सांगतो म्हणून."

मागून आक्कांचा आवाज यायचा, "लॅबवाले, पाणी घातलं तर खोली खाली करायची!"

टेलच्या त्या गावात तात्यांचं कसं स्वागत झालं, ते आक्कांनी नंतर मला सविस्तर सांगितलं, अगदी मन लावून. कालवा तिथवर गेला आहे, पण त्यात पोरं क्रिकेट खेळतात. पारावरची म्हातारी माणसं तात्यांना बघून उठून उभी राहिली. "या सायेब, या. तुमी सोडलेलं पाणी अजून वाटंतच हाय का?" असं अगदी आदरानं विचारलं. आंघोळीला टँकरची एक बादली, तीही मेहुण्यानं हसत पुढं केलेली. तात्यांना कुणी पाणी मोजून देण्याची आयुष्यातली ही पहिलीच वेळ असावी.

मेहुण्याची डाळिंबाची बाग होती. मृगाच्या बहारासाठी तिचं पाणी तोडलं होतं. पानं पिवळी पडून गळत होती, झाडं खराट्यासारखी झाली होती. एका सकाळी सगळे झोपेत असताना तात्या बागेत गेले आणि पाण्याचा कॉक सोडायला वाकले. मेहुण्यानं मागून हात धरला.

"दाजी, काय करताय?"

"मरत्यात वो ही झाडं."

"मरत न्हाईत. सुखात ठिवली तर नुसती पानं देत्यात. फूल पायजे आसंल तर जीव टांगणीला लावायलाच लागतो."

तात्या तसेच बांधावर बसून राहिले, असं आक्का म्हणाल्या. चहा तिथंच नेऊन द्यावा लागला.

त्या दिवशी मला आलेला फोन वेगळा होता. मागं आक्कांचा आवाज नव्हता.

"किती राह्यलंय?"

"वीतभर असेल. पाणी लाल झालंय, तात्या. बरेच लाभधारक मेलेत. उरलेले वर येऊन पोहतायत." मी जे दिसत होतं ते सांगितलं.

पलीकडून कप खाली ठेवल्याचा आवाज आला.

"घालू नका," तात्या म्हणाले. "ऱ्हाऊ द्या तसंच."

मला त्या क्षणी त्यांचं फार वाईट वाटलं. ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांचं पाणी तोडलं आणि स्वतःचं कधी तोडलं नाही, त्याला हे दोन शब्द किती जड गेले असतील, हे त्या आवाजात ऐकू येत होतं. मी बादली उचलून खोलीत आणून ठेवली, म्हणजे माझाही हात तिकडं जाऊ नये.

मृगाच्या आठवडाभर आधी दोघं परत आले. तात्या घरात न जाता थेट हौदावर गेले. तळाला बोटभर लालसर काला होता, भिंतींवर मिठाचे खडे धरले होते. लाभधारक संपले होते. वाऱ्यानं सगळा कचरा एका कोपऱ्यात लोटला होता आणि तिथं भिंतीला तपकिरी रंगाची एक पट्टी चिकटली होती. मी ती रोज बघत होतो आणि धूळ समजत होतो. प्रयोगशाळेत नोकरी असली म्हणून काय झालं. तात्यांनी पट्टीवरून बोट फिरवलं, बोट डोळ्यांजवळ नेलं, मग चष्मा काढला आणि परत नेलं. घरात जाऊन चहाची गाळणी घेऊन आले, आणि आक्कांनी गाळणीबद्दल एक शब्द काढला नाही.

ते त्यांनी धुतलं, परातीत फडक्यावर पसरून सावलीला वाळवलं. मुठीत मावेल एवढी तपकिरी पूड. पण पूड म्हणजे बी नव्हे. उगवेल ते बी. त्यातली चिमूटभर त्यांनी बाटलीत टाकली, बुडबुडे सोडले आणि अंगणात उन्हाला खुर्ची टाकून बाटलीसमोर बसले. जेवण तिथंच. मी कामाला गेलो, परत आलो, तरी तिथंच.

तात्यांना मी अखेरचं पाहिलं ते त्या बाटलीबरोबरच, असं म्हणायला हवं. कारण त्याच आठवड्यात कंपनीनं माझी बदली केली, आणि पुढच्या थंडीत तात्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी दूर होतो. पण त्यांची आठवण काढली की मला पुढच्या दिवसाची ती दुपारच दिसते.

मंगल कार्यालयवाले गृहस्थ ठरल्याप्रमाणं आले. पांढरी गाडी, टेप, सोबत एक माणूस. गाडीतून उतरल्या उतरल्या म्हणाले, "आक्का, उरकून टाकू. इसार आणलाय. रान मोकळंच हाय, उंद्या जेसीबी लावतो."

आक्का दारात उभ्या होत्या. कमरेला पदर खोचलेला. "मोकळं न्हाय," त्या म्हणाल्या. "औंदा जमायचं न्हाय. रानात पीक हाय."

गृहस्थांनी पांढऱ्या रानाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, परत रानाकडं पाहिलं. "कुठं हाय पीक?"

"अवो," आक्कांनी हाक मारली, "दावा की त्यास्नी."

तात्या खुर्चीतून उठले. बाटली दोन्ही हातांत धरून, लेकरू उचलावं तशी, त्यांनी उन्हात वर केली. सगळी अंडी फुटली नव्हती. निम्मी तशीच तरंगत होती. पण उन्हाच्या बाजूला, काचेला लागून, नारिंगी ठिपके जमले होते आणि ते हलत होते. गृहस्थ बराच वेळ बाटलीत बघत राहिले. त्यांना काही दिसलं की नाही कुणास ठाऊक.

"हे काय हाय?"

तात्यांनी बाटली आणखी वर धरली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्यांना हात मोकळा नव्हता.

"आमच्या रानाचं बी हाय ते," आक्का म्हणाल्या.

गाडी गेली. धूळ खाली बसली. तात्या तसेच बाटली वर धरून उभे होते.

"आवो, सावलीत या आता," आक्का जरा खालच्या आवाजात म्हणाल्या. "उन्हानं शिजतील ती."